लांबून काढलेली हळद

"ताई, तुमचे हळदीचे फोटो किती नॅचरल येतात! कुणाला कळतच नाही, तुम्ही कुठून काढता ते." हे वाक्य मी जळगावात ऐकलं आहे, धुळ्यात ऐकलं आहे. त्यावर मी हसते. फोटो लांबून काढते म्हणून ते तसे येतात. आणि लांबून का काढते, हे कित्येक वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

कॅमेरा नवऱ्याचा. तो लग्नांचे फोटो काढायचा आणि मी पिंप्राळ्याच्या घरात बसून अल्बम लावायचे. तो गेला तेव्हा पुढच्या दोन लग्नांचं बुकिंग झालेलं होतं. दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून मीच गेले. हळदीला नवरीच्या अगदी जवळ बसून फोटो काढत होते, तेवढ्यात एक मावशी माझ्या कानाशी आली आणि फार गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही जरा मागून काढा ना." माझा नवरा वारलाय हे तिला कळलं होतं. मी उठले, मागे भिंतीशी गेले आणि कॅमेऱ्याला लांबची लेन्स लावली. त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. हळद आली की मी आपणहून भिंतीशी जाते, आणि लोक त्याला माझी स्टाईल म्हणतात.

लोक वाईट नाहीत, उगाच का बोलू. वेळेवर पैसे देतात, नेटवर चांगलं लिहितात, लाडवांचा डबा घरी पाठवतात. पण आमच्याकडे लग्न आटोपलं की राबलेल्या बायकांना मांडवात बोलावून त्यांची ओटी भरतात. मेंदीवाली, मेकअपवाली, जेवणाच्या बट्ट्या भाजणाऱ्या बाया, सगळ्यांची. नवरीची आई स्वतः तांदूळ, खण, नारळ घालते. त्याचेही फोटो मीच काढते. मग कुणीतरी मला बाजूला घेऊन पिशवीत गुंडाळलेली साडी देतं. साडी चांगली असते. मी ती घेते आणि दुधाची तहान ताकावर भागवते. मला खण-नारळाची हाव नव्हती. आपलं काम आवडलं तर ते चारचौघांत, मांडवात बोलावून सांगावं, एवढंच हवं होतं, आणि ते हवं असण्याची मला लाजही वाटायची.

मागच्या वर्षी धुळ्याजवळच्या एका खेड्यातलं लग्न होतं. त्या घरात नवरीच्या आजीचा शब्द चालायचा. सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. ओट्या भरून झाल्या, मी कॅमेरा आवरत होते, तर अक्काने भर मांडवात हाक मारली, "आठे ये व माय. बठ्ठ्यास्नी ओटी भरी व्हयनी, तुन्हीच ऱ्हायनी."

सगळ्यांची झाली, माझीच ओटी राहिली म्हणून ती बोलावत होती; तिला माझं माहीत नव्हतं. मी टिकली लावते. वर्षभर लावली नव्हती, पण तिच्यावाचून आरशातली बाई ओळखीची वाटेना, म्हणून पुन्हा लावू लागले. त्या घटकेला मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही, पदर पसरला. अक्काने भरभरून तांदूळ घातले आणि म्हणाली, "दिवसभर उभी व्हती पोर." बसमध्ये ती ओटी मांडीवर घेऊन जळगावपर्यंत आले. आनंदही झाला होता आणि चोरी केल्यासारखंही वाटत होतं. घरी आल्यावर नारळ फोडायला हात होईना.

महिन्याभराने अल्बम द्यायला गेले. अल्बम घेतला की लोक आधी स्वतःला शोधतात, मग तो कपाटात जातो. अक्काने चष्मा लावून एकेक पान पाहिलं. हळदीच्या पानांवर ती थांबली, मागची पानं पुन्हा उलटून पाहिली आणि विचारलं, "बाकीना फोटो जवळथीन शेतस. हळदीना लांबथीन काबर?"

इतक्या वर्षांत माझे फोटो असे कुणी पाहिले नव्हते. मला रडू आलं आणि सगळं सांगून टाकलं. नवरा नाही, ओटी तुम्हाला न सांगता घेतली, मला माफ करा. अक्काने अल्बम मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "नारय फोडं का?"

"नाही."

"फोडी टाक. सडी जाई."

एवढंच बोलली आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

यंदा धाकट्या नातीच्या लग्नाला त्यांनी मलाच बोलावलं. मधल्या काळात आबा, म्हणजे अक्काचे यजमान, वारले होते. हळद सुरू झाली तशी मी नेहमीप्रमाणे भिंतीकडे वळले, तर तिथे आधीच अक्का उभी होती. कपाळ मोकळं. तिला कुणी मागे जा म्हटलं नव्हतं, ती आपणहून आली होती. मला संताप आला. या घरात जिच्या होकाराशिवाय मांडवाचा खांब रोवत नाहीत, ती नातीच्या हळदीला भिंतीशी?

"अक्का, पुढे चला. आजी आहात तुम्ही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तू कव्हय गयी का पुढे?"

मी लेन्स लावली आणि काम करू लागले. ती शेजारी उभी राहून, टाचा उंचावून नातीला पाहत राहिली.

ओट्या भरायची वेळ आली. मेंदीवालीची झाली, मेकअपवालीची झाली, आणि अक्काच्या सुनेने माईकवरून हाक दिली, "फोटोवाल्या ताई, या. आमच्या घरचे फोटो यांनीच काढलेत." तिला माझं सगळं ठाऊक होतं. मांडवातल्या बायकांनाही असावं, कारण त्या गप्प झाल्या होत्या.

मी अक्काकडे पाहिलं.

"जाय," ती म्हणाली. "मीच सूनले सांगेल शे, तुन्ही ओटी भराले."

"तुम्ही पण चला."

"मी कोठे फोटो काढस?" ती हसली आणि माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून स्वतःकडे घेतला.

मी गेले. सुनेने सगळ्यांदेखत पाच ओंजळी तांदूळ घातले, कपाळाला कुंकू लावलं, मी नको म्हटलं नाही. इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला तो पदर जड झाला. वळून पाहिलं तेव्हा अक्का माझा कॅमेरा छातीशी धरून माझ्याच जागेवर उभी होती, आणि तिला पुढे बोलावणारं त्या मांडवात कुणी नव्हतं. मीसुद्धा बोलावलं नाही.