काकांचा कान आणि ग्रीक राणी

दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत आमच्या शेजारच्या काकांइतका जीव गुंतलेला माणूस अख्ख्या बहारीनमध्ये सापडायचा नाही, आणि ते घर तरी कुठलं, तर हजारो वर्षांपूर्वी बुडालेलं, ग्रीसमधलं. बुदैयाहून मुहर्रकच्या विमानतळावर मी त्यांच्या गाडीतून जात असे; ते विमानांच्या इंजिनांपाशी, मी ऑफिसात. किल्ली फिरली की जर्मन ऑपेरा सुरू. गेल्या शतकाच्या आरंभी कुणीतरी एका ग्रीक शोकांतिकेला चढवलेला तो साज: राणीने नवऱ्याला मारलेलं, मुलगी आईवर डूख धरून बसलेली, आणि मेला म्हणून रडून झालेला भाऊ अचानक दारात. जर्मनमधलं काकांना ओ की ठो कळत नसे, पण मी काच खाली केली की म्हणत, "अगो, ती पोर बापासाठी रडत्येय नि तुला वारा हवाय?" वाटेत चहालाही ते थांबत नसत, कारण त्या ऑपेरात मध्यंतर नाही! एकदा सिग्नलला राणीची शेवटची किंकाळी ऐकून शेजारच्या गाडीतले अरब गृहस्थ घाबरून डोकावले, तर काका त्यांच्याच अरबीत, काही काळजी नको अशा सुरात, शांतपणे म्हणाले, "मफी मुश्किल. राणी खलास!"

गाडीतल्या ऑपेराचा आवाज रोज वाढत चालला तेव्हा मला तो विक्षिप्तपणाच वाटला. खरं तर काकांचा एक कान इंजिनांनी केव्हाच नेला होता आणि आता दुसराही चालला होता. ऑपरेशन करू, पण आहे तेही जाऊ शकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ग्रीक राजकन्येसाठी हळहळणारे काका स्वतःबद्दल फक्त "इंशाल्ला" म्हणाले, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

ऑपरेशननंतर पट्टी निघाली त्या दिवशी गाडी मी चालवत होते. हॉस्पिटलच्या आवारातच त्यांनी ऑपेरा लावला, बहिणीला भाऊ ओळखू येतो तिथला, आणि डोळे मिटले.

"काका, येतंय का ऐकू?"

काकांनी डोळे न उघडताच आवाज कमी केला.

"ते मागचे व्हायोलिनवाले गो," ते म्हणाले, "इतकं हळू वाजवतात होय! आजवर पत्ताच नव्हता मला."

माझा जीव भांड्यात पडला. मी हसत होते की रडत, कोण जाणे. काकांनी लगेच गाडीच्या स्पीकरवरूनच गावी चिपळूणला असलेल्या काकूंना फोन लावला. काकू दोन वाक्यं बोलल्या, तोच काका थबकले.

"तुझा आवाज असा कापरा कधीपासून झाला?"

"झाली की बरीच वर्षं," काकू म्हणाल्या. "तुम्हाला आत्ता ऐकू आला."

घरी पोचेपर्यंत काकांनी काहीच लावलं नाही. मला खूप हलकं वाटत होतं, आणि तरी काकूंना एकदा जाऊन भेटावंसं फार वाटत राहिलं.