अभिनंदनाला येणारी माणसं

१९९९च्या जूनमध्ये माझा धाकटा भाऊ सीमेवर लढत होता आणि मी जपानमधल्या ग्योतोकुच्या दोन खोल्यांत नुसती येरझारा घालत होते. सैन्यात जाण्याचा त्याचा अर्ज मीच भरून दिला होता. बाबा त्याला ऊठसूट रिकामटेकडा म्हणायचे, ते मला ऐकवेना. निवड झाल्यावर पेढेही मीच वाटले. आता त्या पेढ्यांची आठवणही नको व्हायची.

दर मंगळवारी शेजारच्या जपानी आजी माझ्याकडे इंग्रजी वाचायला यायच्या आणि मला 'सेन्सेइ', म्हणजे शिक्षिका, म्हणायच्या. वय बहात्तर, हातात पेन्सिल, उच्चार चुकला की स्वतःच्याच डोक्यात टपली. त्या दिवशी त्यांनी ग्रंथालयातून अमेरिकेच्या इतिहासाचं पुस्तक आणलं होतं. धडा निघाला न्यूयॉर्कच्या दंगलीचा. १८६३, तिथलं यादवी युद्ध, सक्तीची भरती. लाकडी पिंप फिरवून चिठ्ठी काढायची, नाव निघेल तो लढाईवर. श्रीमंतांना पैसे भरून सुटता येई. शेवटी गरिबांनी दगड मारून भरतीची कचेरी फोडली, जाळली. मग तो राग भलतीकडेच वळला. ज्यांचा काडीचा दोष नव्हता अशा काळ्या लोकांना जमावाने ठार मारलं.

मी फणकारले. "भेकड मेले! लढायला नको, पण निरपराधांवर हात टाकायला पुढे. माझा भाऊ बघा, स्वतःहून गेला."

'स्वतःहून' म्हणताना माझी जीभ अडखळली. आजींना ते कळायचं काही कारण नव्हतं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "माणसं मारली ते वाईटच. पण सेन्सेइ, कचेरीवरचा तो पहिला दगड..." मग त्या जपानीत, माझ्यासाठी सावकाश बोलू लागल्या. "माझ्या दादाला लाल कागद आला. सैन्यात हजर होण्याचा हुकूम. अख्खी गल्ली अभिनंदन करायला आली आणि आईने प्रत्येकाचे वाकून आभार मानले. दादा परत आला नाही. इतकी वर्षं मी मनातल्या मनात आईच्या हातात दगड देते. ती मारतच नाही."

पुढचा परिच्छेद मला वाचवेना. आजी न रागावता चपला घालून गेल्या.

मी पुण्याला फोन लावला. दोनदा लागला नाही. मधल्या वेळात स्वच्छ ओटा पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा आईने उचलला. भावाची काही बातमी नव्हती.

"आई, त्याचा अर्ज मी भरला होता गं," मी म्हटलं. मला रडू फुटलं. "जवानाची आई म्हणून तुझा सत्कार करायला ती माणसं अजून येतात का? शाल-नारळ घेऊन?"

"येतात की. रोज कोणी ना कोणी."

"उद्यापासून दार उघडू नकोस त्यांना."



"चार दिवस झाले," आई म्हणाली, "मी आतून कडी लावूनच बसलेय."