न मागितलेलं भाषांतर

शेजारच्या माणसाला इंग्रजी येत नसणार, हे मी त्याच्या हवाई चपलांवरून ठरवलं आणि त्याने न मागताच नॉर्वेच्या सिनेमाची सबटायटल्स त्याच्या कानात मराठीतून सांगायला लागलो.

नेरूळच्या त्या चित्रपट महोत्सवात आम्ही रांगेत मागेपुढे होतो. साठीचा कोळी, गळ्यात डेलिगेट कार्ड. "आमची होडी इकली या साली," तो म्हणाला होता. "या पिक्चरमधी होडी हाय, म्हनून उरनवरनं आलो." मी मात्र दिग्दर्शकावरचा लेख वाचून आलो होतो. म्हणजे किती धोकादायक होतो बघा!

सिनेमा सुरू झाला. मी एक वाक्य सांगितलं की तो रिक्षाला नको म्हणावं तसा तळवा हलवायचा. मला वाटायचं, संकोचतोय बिचारा. मग मी आणखी सोपं करून सांगायचो. मागच्या बाई दोनदा "शूऽऽ" म्हणाल्या, तर मला वाटलं, त्यालाच म्हणाल्या. वैताग असा, की एवढं समजावूनही गृहस्थ एकदाही माझ्याकडे वळून बघेना!

शेवटी पडद्यावरच्या म्हाताऱ्याने समुद्रातलं मासळीने भरलेलं जाळं ओढायला घेतलं. शेजारचे दोन्ही हात मांडीवरून उठले आणि अंधारात त्याच्याबरोबर ओढू लागले, हातावर हात टाकत, सावकाश. मी ते बघत होतो, तरी तोंड आवरेना.

"काका, हे जाळं म्हणजे बरं का, माणसाची नियती..."

मुठी तशाच आवळून तो खेकसला, "ए, गप रे! मावरा पलून जाईल."