विमानांना आंघोळ घालणारा

आमच्या आळीतला गणराज मुंबईच्या विमानतळावर कामाला आहे, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. नेमकं काय करतो, हे तो लाजून सांगत नसे. त्याला सांगून आलेल्या तेजस्वीचे वडील, रेवदंड्याचे जनार्दन नाखवा, लग्नाची बोलणी करायला आले, तेव्हा मात्र सुटका नव्हती.

पोहे खाताना नाखव्यांनी विचारलं, "इमान चालवतोस काय रं?"

"न्हाय. इमानाची इंजिनं आतून धुतो."

त्याच्या आईने, चंदाबाईने, कपाळाला हात लावला. स्थळ गेलंच, असं समजून गणराज मोकळेपणी बोलू लागला. इंजिनात धूळ नि खाऱ्या हवेतलं मीठ बसलं की इंजिन जास्त इंधन पितं, धूरही जास्त सोडतं. धुतलं की दोन्ही कमी होतं.

नाखवा मिशीवरून बोट फिरवत राहिले. "व्हय, बुडाला शेवाळ धरलं की आमची होडी पन अशीच डिझेल पिते. रविवारी ये खरवडायला."

"नि लग्नाचं?" चंदाबाईने विचारलं.

"पोराचा हात बघतो, मंग सांगतो."

रविवारी गणराज होडीखाली आडवा पडून खरवडत होता. तेजस्वी चहा घेऊन आली, वाकून म्हणाली, "त्या कोपऱ्यात राहिलंय, बघा."

तिच्या आवाजातला हक्क ऐकून तो हसला. हळदीआधी नवऱ्याला शेवाळ लागलेलं साऱ्या रेवदंड्याने पाहिलं.