कानात आत्या

आत्याचं मत साधं होतं. माणूस दोनच कारणांसाठी पळतो: मागे कुत्रं लागलं तर, नाहीतर पुढची बस सुटत असली तर. आपली भाची मात्र कुत्रं नाही, बस नाही, तरी रोज पहाटे उठून पळते आणि संध्याकाळी पुन्हा पळते, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. "लोक पोटासाठी धावतात, आणि ही पोट पाठीला लागेपर्यंत धावते," असं ती गिऱ्हाइकांना ऐकवायची.

आत्याचं धुलाई-इस्त्रीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. नवरा गेला तेव्हा सगळे म्हणाले, विकून टाक. तिने ऐकून घेतलं, पाटी नव्याने रंगवली आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. तिथून विद्यापीठ जवळ, म्हणून फिजिओथेरपी शिकणारी भाची तिच्याकडे राहायला आली. काड्यांसारखे पाय आणि चालणं तुरुतुरु. आत्याने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव टिटवी ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की मैदानावरचे प्रशिक्षकही तिला त्याच नावाने हाक मारू लागले.

टिटवी विद्यापीठाच्या संघात लांब पल्ल्याची धावपटू होती. तिचं धावणं आत्याला ठाऊक होतं ते फक्त कपड्यांवरून. घामाने मीठ धरलेले बनियन, चिखलाचे मोजे, बादलीत वेगळे भिजवावे लागणारे. घरी यायची ती टिटवी म्हणजे नुसतं पिळून ठेवलेलं फडकं. जेवायची, पुस्तक उघडायची, आणि दुसऱ्या परिच्छेदावर तिचं कपाळ टेकायचं. अशाने पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्राचा पेपर गेला.

मग दादाचा फोन आला. दादा म्हणजे टिटवीचा बाप, आत्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर आत्याने जन्मात कधी तोंड उघडलं नव्हतं.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," दादा म्हणाला. "या वेळी तो पेपर सुटला नाही तर तिचं पळणं बंद. बूट तू काढून घ्यायचे. तुझ्यावर सोपवतोय."

"बरं, दादा," आत्या म्हणाली.

त्या रात्री टिटवी हृदयाच्या धड्यावर डोकं ठेवून झोपली होती. आत्याला आला राग. तिने ते पुस्तक डोक्याखालून ओढलं, आणि रागावतात त्या सुरात तिच्या कानाशी मोठमोठ्याने वाचायला लागली. अर्थ कळत नव्हता, शब्द दातात अडकत होते, पण राग होता, त्यामुळे वाचन जोरात चाललं. पानभर झाल्यावर ती थांबली, तशी टिटवी डोळे न उघडता म्हणाली, "थांबू नकोस ना आत्या. असं मला कळतंय."

तिथून सुरुवात झाली. टिटवीने फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो मांडून ठेवायचा आणि आत्याने इस्त्री करता करता धडा वाचायचा. चादरींच्या चवडीला टेकवून पुस्तक उभं करायचं, एका हाताने कॉलर दाबायची, दुसऱ्याने पान उलटायचं. दुसऱ्या दिवशी टिटवी पहाटे निघायची ती कानात आत्या घालूनच. पहिल्या टेकडीपर्यंत फुप्फुसं, परत येताना रक्ताभिसरण. आत्याला मनातून लाज वाटायची. आपला हा फाटका आवाज, आणि तो ऐकत पोरगी गावभर पळते!

आता दुकान म्हटलं की गिऱ्हाईक येणार, आणि आत्या म्हटली की मधेच बोलणार. मूत्रपिंडाचा धडा वाचताना तर ती भलतीच रंगात आली. "म्हणजे हे आपल्या दुकानासारखंच झालं की गं! सगळं आत घ्यायचं, कामाचं ते ज्याचं त्याला परत, घाण तेवढी गटारात." तेवढ्यात कोणी दारात आलं, तर त्यालाही तिने त्याच दमात उत्तर दिलं आणि पुढचं वाक्य वाचलं.

सहामाहीला मूत्रपिंडावर प्रश्न आला. टिटवीने डोळे मिटून अख्खी टेकडी मनातल्या मनात चढली आणि झरझर उत्तर लिहिलं. पेपर हातात पडला तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी लाल शाईने एका वाक्याभोवती मोठं वर्तुळ काढलं होतं. वाक्य असं होतं: "शरीराला लागणारं पाणी रक्तात परत घेतलं जातं, उरलेलं बाहेर टाकलं जातं आणि चादरी उद्या संध्याकाळी मिळतील."

बाईंना वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. त्यांनी त्या प्रश्नाला भोपळा दिला आणि वर्गासमोर झापलं. टिटवी काठावर वाचली.

आत्या आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम हसायची थांबली. "मीच बुडवणार गं तुला," ती म्हणाली. "आजपासून माझं वाचन बंद." टिटवीने तिची मनधरणी केली, तेव्हा दारावर "बंद"ची पाटी लावून आत्याने एक धडा अगदी शहाण्यासारखा वाचून दिला. टिटवी दुसऱ्या दिवशी परत आली ती तोंड पाडून. "ही कोण बाई आहे? हिला ऐकून मला पळता पळता झोप येते. मला आपली आत्या पाहिजे."

शेवटी दोघींनी एक नियम ठरवला. मधे स्वतःचं काही बोलायचं असलं, की आत्याने इस्त्री जाळीवर एकदा आपटायची. बोलून झालं की पुन्हा आपटायची. दोन ठोक्यांच्या मधलं ते आत्याचं, ते पेपरात लिहायचं नाही. गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडायची, की ही बाई कपड्यांवर एवढी का चिडली आहे.

वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक लागलं, ते टिटवी संध्याकाळभर लपवत राहिली. जेवताना तिने एकदाचं सांगून टाकलं. शरीरक्रियेचा पेपर दुपारी, आणि विद्यापीठांमधली दहा हजार मीटरची शर्यत त्याच दिवशी सकाळी.

"दादाला सांगितलंस?"

"नाही. तू सांगणार आहेस?"

आत्याने फोन हातात घेतला, नंबरापर्यंत गेली आणि परत ठेवला. सांगितलं असतं तर शर्यत संपलीच होती. नाही सांगितलं आणि पोरगी नापास झाली, तर खापर आपल्याच माथी. पण खरं कारण वेगळंच होतं. हिला एवढं काय खेचून नेतं, ते एकदा डोळ्यांनी बघायचं तिने ठरवलं होतं.

भर कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवून आत्या मैदानावर गेली. डबा, पाण्याची बाटली, पेनं, इस्त्री केलेला कुडता, सगळं पिशवीत. शर्यत संपताच पोरीला कपडे बदलायला लावून परीक्षेला नेऊन बसवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. कुंपणाशी तिला जागा मिळाली.

सुरुवातीला तिला काहीच विशेष वाटलं नाही. पंचवीस-तीस मुली गोल फिरत होत्या आणि टिटवी मागे कुठेतरी होती. "एवढ्यासाठी का अट्टाहास?" असं ती पुटपुटलीसुद्धा. फेऱ्या होत गेल्या तसा घोळका विस्कटला. पुढच्या मागे पडल्या, मागच्या पुढे गेल्या, कोण कितवं ते आत्याला कळेना, आणि मग तिने तो नाद सोडला. ती फक्त टिटवीकडे बघत राहिली.

बाकीच्यांचे खांदे वर चढले होते, माना डुलत होत्या. टिटवीच्या खांद्यावर भरलेली कपबशी ठेवली असती तरी थेंब सांडला नसता. ते काड्यांचे पाय जमिनीला लागत होते की नाही, कोण जाणे, आवाज म्हणून येत नव्हता. घरी पाण्याचा तांब्या उचलताना कण्हणारी ती हीच का?

आणि मग आत्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे सगळं तिला माहीत होतं! तिने स्वतःच्या तोंडाने ते वाचलं होतं. पायांना रक्त हवं म्हणून पोटाकडचं रक्त तिकडे वळतं. हृदय एकेका ठोक्याला जास्त रक्त लोटतं. घाम येतो, वाळतो, अंग निववतो. महिनोन्‌महिने शब्दांना ठेचा खात तिने जे घोकलं होतं, ते इथे, या उन्हात, तिच्या डोळ्यांसमोरून वळण घेत होतं, जात होतं, पुन्हा येत होतं. एवढं सगळं एका पोरीच्या कातडीखाली, कुणी न सांगता, बिनबोभाट चाललंय! आत्याने कुंपण घट्ट धरलं. देवळात गेल्यावर येतं तसं तिला भरून आलं, आणि ती चारचौघांत, पिशवी छातीशी धरून, रडली.

टिटवी तिच्या समोरून गेली तेव्हा तिचे ओठ हलत होते. धडा म्हणत होती कार्टी.

पुढचं सगळं धावपळीत झालं. टिटवी आली, कपडे बदलले, बसमध्ये डबा खाल्ला, डोळे मिटून काहीबाही पुटपुटत राहिली. आत्याने तोंडातून ब्र काढला नाही. परीक्षेची घंटा झाली आणि पोरगी आत गेली. आत्या बाहेरच्या बाकावर टेकते न टेकते तोच फोन वाजला. दादा.

"बसली का पेपरला?"

"बसली."

"सकाळी उजळणी नीट करून घेतलीस ना?"

"सकाळी ती शर्यत पळत होती, दादा."

मग दादाच्या तोंडाचा जो पट्टा सुटला, तो आत्याने थोडा वेळ ऐकला. पेपरच्या दिवशी? अक्कल गहाण टाकलीस? उद्या नापास झाली तर?

"झाली तर पुन्हा बसेल," आत्या म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ओळखू येईना. "पण बूट मी काढून घेणार नाही. तुला घ्यायचे तर तू ये. दादा, आपण दोघं एवढे दिवस तिला ओरडतोय. तू तिला पळताना पाहिलंयस कधी?"

दादाने उत्तर द्यायच्या आतच ती पुढे म्हणाली,

"मीही नव्हतं पाहिलं रे. आज पाहिलं."

 दादा खाकरला आणि जरा खालच्या आवाजात म्हणाला, "कितवी आली?"

 पोरीला आत्याने विचारलंच नव्हतं. मैदानावर एवढा वेळ डोळे फाडून उभी होती, आणि ते पाहायचं राहूनच गेलं होतं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

"माहीत नाही? तू तिथंच होतीस ना गं?"

"होते की. ती पळत होती, दादा. तिच्याकडेच बघत होते."

  

"पुढची शर्यत कधी आहे?" दादाने विचारलं.