प्रतिमाकाकूंच्या दुखण्याचा कप्पा

सरकारी कारखान्याच्या भांडारात सुट्या भागांना क्रमांक देण्यात उमाकांतरावांची हयात गेली. कप्पा नसलेला स्क्रू दिसला की त्यांना घास जात नसे. निवृत्तीनंतर स्वयंपाकघरातल्या डाळींनाही क्रमांक मिळाले. प्रतिमाकाकूंनी तेही चालवून घेतलं.

आणि नेमकं काकूंनाच बिनकप्प्याचं दुखणं जडलं. सकाळी बोटं आखडत, गार पाण्यात घातली की पांढरी पडून मग निळी होत, डोळे कोरडे. रक्ताची एएनए नावाची चाचणी पॉझिटिव्ह निघाली आणि उमाकांतरावांनी दवाखान्यातच निकाल दिला, "ल्युपस!"

"काका, स्वल्प थांबा," डॉक्टर सुप्रीता म्हणाल्या. त्या निपाणीकडच्या, संधिवाताच्या तज्ज्ञ. "एएनए म्हणजे आडनाव. दारावर कुलकर्णी दिसले की ते तुमच्याच घरचे होतात का? ल्युपस, शोग्रेन, स्क्लेरोडर्मा ही सगळी भावकी. शरीराच्या राखणीची फौज घरच्यांवरच उलटते, हे सगळ्यांत सारखं. कुणी कातडी धरतं, कुणी सांधे, कुणी डोळ्यांतलं पाणी. काकूंच्यात थोडं थोडं बऱ्याच जणांचं आहे, पुरतं कुणाचंच नाही."

"मग नाव काय लिहायचं?"

"अजून न ठरलेला. पुढे ठरेल, कदाचित नाहीही. डोळे तपासून घ्या आणि गोळी सुरू करा."

डोळे तपासून झाले, गोळ्या आल्या आणि उमाकांतरावांच्या कपाटात जाऊन बसल्या. नाव नसलेल्या रोगाला औषध? छे! बेळ्ळंदूर भागातल्या तुंबलेल्या रहदारीत अर्धा दिवस घालवून त्यांनी दुसरं मत आणलं. तेही तेच. मग कॅलेंडरच्या पाठीवर रोगांची वंशावळ निघाली. रोज ते काकूंना एका फांदीवर बसवत, रात्री खोडत, सकाळी विचारत, "बोटं आधी निळी की पांढरी?"

इकडे काकूंना कुकरचं झाकण लावता येईना. एका सकाळी ते खाली आपटलं.

"अहो, मी काय तुमच्या भांडारातला वॉशर आहे?" काकू कडाडल्या. "नाव ठरेना म्हणून फळीवर ठेवून द्यायला? आपल्या केतकीचं बारसं तुमच्या आत्याबाईंच्या हट्टापायी किती लांबलं! तोवर तिला दूध पाजलंच ना मी?"

उमाकांतरावांनी कपाट उघडलं. पाकिटातून गोळी काढणं काकूंच्या बोटांना जमेना, तेव्हा उमाकांतरावांनीच ती काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. मग पाणी कोमट आहे का बघायला आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले.

"उतरलं का काही दुखणं?"

"गोळी घशाखाली तरी उतरू द्या! अन् बसा आता एका जागी."

ते बसले. पाय मात्र हलतच होता.