रिबनवरचा दोनचा आकडा

कर्नल साठ्यांनी कापडात गुंडाळलेला मेडलांचा बार काउंटरवर ठेवला आणि त्यावर एक सुटं, कोरं करकरीत मेडल ठेवलं.

"हे शेवटी बसवायचं. जुन्याच्या शेजारी."

मी बार बाजूला सरकवला आणि कोरं मेडल उचलून पाहिलं. संयुक्त राष्ट्रांचं होतं, रिबन लेबनॉनची. पण ते बाजारातून विकत आणलेलं होतं. आमच्या धंद्यात ते हातात घेताच कळतं.

"सर, लेबनॉनचं तुमच्याकडे आधीच असेल ना?"

"आहे. पण मी दोनदा गेलो होतो. कॅप्टन असताना एकदा आणि लेफ्टनंट कर्नल झाल्यावर एकदा. दोनदा गेलो, दोन मेडलं. साधा हिशोब आहे, ताई."

हा हिशोब साधा नाही, म्हणून तर आमचं दुकान चालतं. मल्लेश्वरममध्ये आमचं मेडल माउंटिंगचं काम आहे. घराणं शिंप्यांचं. सासऱ्यांच्या आजोबांपासून बंगळूरच्या कँटोनमेंटचे युनिफॉर्म शिवले. पुढे युनिफॉर्म मोठ्या कंपन्यांकडे गेले, मेडलं आमच्याकडे राहिली. फौजी माणसाला मेडलं सुटी मिळतात. ती ठरलेल्या क्रमाने एका कडक पट्टीवर शिवून द्यायची, हे आमचं काम. त्या पट्टीला बार म्हणतात. सगळ्यात मानाचं मेडल कोटाच्या बटणांच्या बाजूला, मग उतरत्या क्रमाने बाहेर. आधी सगळी भारतीय, त्यानंतर संयुक्त राष्ट्रांची. दुसऱ्या देशाने दिलेलं असेल तर ते अगदी शेवटी, आणि तेही आपल्या सरकारची परवानगी असेल तरच.

माझ्या काउंटरमागे पाच प्रश्नांची पाटी आहे. मेडल कुठलं, दिलं कोणी, कागद आहे का, परवानगी आहे का, घालायचं कधी. पाचही उत्तरं मिळाल्याशिवाय मी सुई उचलत नाही. काउंटरपुढे खुर्चीही ठेवत नाही. बसलेलं गिऱ्हाईक गप्पा मारतं, उभं असलेलं कामाचं बोलतं.

साठे सर उभेच होते. मी त्यांना नियम सांगितला. संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक मिशनचं मेडल एकदाच मिळतं. त्याच मिशनवर पुन्हा जाऊन ठरलेला काळ पूर्ण केला, तर दुसरं मेडल मिळत नाही. त्याच रिबनवर धातूचा छोटा आकडा लागतो. दुसऱ्या वेळेला दोनचा.

"आकडा लावलाय ना तुमच्या रिबनवर?"

"लावलाय. त्याच्याकडे बघतं कोण?"

मग त्यांनी खिशातून आणखी एक मेडल काढलं. हे खरं होतं आणि सुंदरही. लेबनॉनला त्यांच्या शेजारच्या तळावर युरोपातल्या एका देशाची तुकडी होती. तिच्याबरोबर त्यांनी बरेच महिने काम केलं. निघताना त्या लोकांनी आपल्या देशाचं मोहिमेचं मेडल समारंभाने यांच्या छातीवर लावलं.

"परवानगी?" मी विचारलं.

"तेव्हा अर्ज करायचा राहून गेला."

"मग हेही नाही बसवता येणार, सर. तुम्हालाच कोणीतरी सीनियर ऑफिसर्स मेसमध्ये उभं करून विचारेल."

त्यांनी ते मेडल परत खिशात टाकलं. मग खरं कारण बाहेर आलं. त्यांच्या कोर्सचं, म्हणजे अकादमीतून एकत्र पास झालेल्या सगळ्या अधिकाऱ्यांचं, बंगळूरला रीयुनियन होतं. तिथे कर्नल बोपय्या येणार होते. बोपय्या एकदा लेबनॉनला आणि एकदा सुदानला गेलेले. दोन वेगळी मिशन्स, म्हणून दोन मेडलं, दोन वेगळ्या रंगांच्या रिबनी.

"दोघंही दोनदाच गेलो," साठे सर म्हणाले. "त्याची छाती बघून लोक विचारतात, अरे, दोन दोन मिशन्स? माझी बघून विचारतात, तू एकदाच गेलास का? प्रत्येक पार्टीत हेच."

मला वाईट वाटलं. पण पाटीवर त्यासाठी प्रश्न नाही.

"नियम आहे, सर."

त्यांनी बार उचलला. मग शांतपणे सांगितलं की रीयुनियनचे सेक्रेटरी तेच आहेत. संध्याकाळच्या समारंभात बंदगळ्यावर लावायची छोटी मेडलं, ज्यांना मिनिएचर म्हणतात, सगळ्या कोर्सला नवीन करून घ्यायची होती. ते काम ते माझ्याकडे आणणार होते.

"महादेवपुऱ्यात एक नवीन दुकान आहे म्हणतात," दारातून ते म्हणाले. "तिथे बसायला सोफा आहे."

ते दुकान माझ्या जावेचं.

रोहिणी माझ्या धाकट्या दिराची बायको. माउंटिंग ती माझ्याच शेजारी बसून शिकली. चार वर्षांपूर्वी ती आणि दीर आमच्या दुकानातून वेगळे झाले, भांडण न करता. हेच मला जास्त लागलं. भांडण झालं असतं तर निदान बोलायला काही असतं. तिकडे आयटी पार्कांच्या आसपास मोठमोठ्या सोसायट्या आहेत आणि त्यांत निवृत्त अधिकारी पुष्कळ. रोहिणीने मोठ्या काचा लावून दुकान थाटलं, पिवळे दिवे लावले, मोबाईलवर फोटो टाकायला लागली. माझी जुनी गिऱ्हाइकं तिच्या फोटोंना लाइकचे अंगठे द्यायची. मला हे माहीत आहे, कारण मी रोज बघायची. चहाबरोबर एकदा आणि दुकान बंद करताना एकदा.

सीझनमधलं सगळ्यात मोठं काम तिच्याकडे चाललं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी ती दुसरं मेडल बसवून देणार, याची मला खात्री होती. आणि बसवलं की मेसमध्ये कोणीतरी ओळखणार. मग महादेवपुऱ्याचं नाव फौजेत कसं घेतलं जाईल, हेही मला दिसत होतं. ते चित्र मला आवडलं होतं.

तेवढ्यात कर्नल बोपय्या स्वतः दुकानात आले. आमचं जुनंच गिऱ्हाईक. कूर्गचे, उंच, कन्नडमध्ये हळू आवाजात बोलणारे. त्यांचा बार पॉलिशला द्यायचा होता. तो दिल्यावरही ते जाईनात. उभ्या उभ्या त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग विचारलं की लेबनॉनच्या रिबनवर दोनचा एक आकडा लावता येईल का.

"तुम्ही लेबनॉनला एकदाच गेला होतात ना, अण्णा?"

"एकदाच. पण मिशनवर एकूण दोनदा."

"आकडा त्याच मिशनवर परत गेलेल्याला लागतो."

"तेच तर, अक्का," ते म्हणाले. "मिशनवर पाठवतात सगळ्यांना. त्याच जागी परत मागून घेतात, ते काम चांगलं केलेल्याला. आमच्या कोर्समध्ये तो आकडा एकट्या साठेकडे आहे. कधी बोलत नाही त्याबद्दल. इतका भाव खातो."

मी त्यांनाही नियम सांगितला. तेही "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत निघून गेले. एका गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, हा सासऱ्यांनी घालून दिलेला नियम. तो त्या दिवशी पाळणं फार जड गेलं.

दोन दिवसांनी रोहिणीचा फोन आला.

"अक्का, साठे सरांचं काम आलंय. तुम्ही नाही म्हणालात म्हणे?"

"हो. तू तुला हवं ते कर."

"लेबनॉनची रिबन संपलीय माझ्याकडची. स्वल्प पाठवाल का?"

आता पक्कं झालं. दुसरं मेडल बसवल्याशिवाय तिला रिबन कशाला लागेल? रिबन कुरियरने जाऊ शकली असती. मी स्वतः घेऊन निघाले. मॅजेस्टिकला मेट्रो बदलली, के. आर. पुरमच्या पुढे उतरले आणि ऊन डोक्यावर असताना तिच्या दुकानात पोचले.

साठे सर सोफ्यावर बसले होते. हातात फिल्टर कॉफी. मला पाहून ते जरा अवघडले. रोहिणीने मला आतल्या बाजूला स्टूल दिलं आणि आपलं बोलणं पुढे चालू ठेवलं.

"तर सर, दुसरं लेबनॉन बारवर येणार नाही. आणि हे परदेशी, परवानगी येईपर्यंत, तेही नाही."

मी कान टवकारले. शब्दसुद्धा माझेच होते.

"तुमच्या या अक्कांनी हेच सांगितलं," साठे सर म्हणाले. "मग मी इथवर आलो कशाला?"

"घालायला परवानगी लागते, सर. घरच्या भिंतीवर लावायला नाही." तिने एक फ्रेम पुढे केली. काळ्या मखमलीवर मधोमध ते युरोपातलं मेडल, खाली त्याचा कागद, बाजूला त्या तळावरचा सरांचा फोटो. "अर्ज आता करा. परवानगी मिळाली की फ्रेम उघडून बारवर घेऊ. नाही मिळाली तर भिंतीवर राहील. येणारा पाहुणा वाचेलच."

साठे सर फ्रेमकडे बघत राहिले. कॉफी प्यायची विसरले.

"आणि आता हे बघा." तिने दोन बार टेबलावर ठेवले. एक त्यांचा जुना, एक तिने केलेला नवा, सध्या नुसत्या रिबनींचा. नव्याच्या शेवटच्या जागेवर तिने लेबनॉनच्या रिबनीचं माप आखून ठेवलं होतं. जुनी रिबन विरली होती, ती बदलायची होती, म्हणून तिला तुकडा हवा होता.

इथे थोडं समजावून सांगते. मेडलं जास्त असली की ती बारवर शेजारी शेजारी मावत नाहीत. मग पत्त्यांसारखी एकावर एक थोडी चढवतात. प्रत्येक रिबन पुढच्या रिबनीचा काही भाग झाकते. आकडा असतो रिबनीच्या मधोमध. जुन्या बारवर आधीच्या मेडलाची रिबन इतकी पुढे आली होती, की दोनचा अर्धा आकडा तिच्याखाली गेला होता. उरलेला अर्धा धातूच्या ओरखड्यासारखा दिसत होता.

रोहिणीने नवा बार बोटभर लांब केला होता. सगळ्या रिबनी थोड्या थोड्या आत सरकवल्या होत्या. शेवटच्या रिबनीची जागा पूर्ण मोकळी होती.

"तुमचा आकडा कोणाला दिसतच नव्हता, सर. म्हणून लोक विचारत होते. दुसऱ्या मेडलाची गरज नाहीये. हा दिसला पाहिजे."

साठे सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"इतकी वर्षं अर्धाच दिसत होता?"

"अर्धाच," रोहिणी म्हणाली.

जुना बार टेबलावर सरळ पडला होता, मेडलं वर. माउंट करणारा मागच्या कापडाला आपल्या दुकानाची छोटी पट्टी शिवतो. या बारचा टाका आमच्या दुकानाचा होता, मला पुढूनच ओळखू आला. उलटा केला असता तर मल्लेश्वरमचं नाव वाचता आलं असतं. साठे सरांना ते आठवत नव्हतं. पूर्वी त्यांचं पोस्टिंग इथे असताना कोणा ऑर्डर्लीने काम करून आणलं असणार. रोहिणीला मात्र नक्की माहीत होतं, कारण मापं घेताना ती पट्टी तिने वाचली असणार. तिने तो बार उलटा केला नाही. बोलता बोलता कापडात गुंडाळला आणि खणात ठेवला.

त्या एका गोष्टीचा मला जितका राग आला, तितका पिवळ्या दिव्यांचाही आला नव्हता. तिने चूक दाखवली असती तर मी भांडले असते.

साठे सर गेल्यावर मी रिबन काढून दिली. तिने मापून घेतली.

"एवढ्या मोठ्या कोर्सचं काम मला एकटीला नाही झेपायचं, अक्का. अर्धं तुम्ही कराल?"

"बार लांब ठेवायचा का सगळ्यांचा?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं."

मी अर्धं काम घेतलं. नको म्हणायला पाटीवर कारण सापडलं नाही.

रीयुनियनच्या संध्याकाळी आम्ही दोघी मेसच्या मागच्या खोलीत सुया, पिना आणि जादा रिबनी घेऊन बसलो होतो. कोणाचा बार वाकडा बसला की नीट करून द्यायचा. साठे आणि बोपय्या एकाच वेळी आत आले. दोघांनी हात मिळवले. दोघांच्याही नजरा समोरच्याच्या छातीवरच्या मिनिएचरमध्ये शेवटच्या जागी गेल्या.

"आकडा नवीन लावलास?" बोपय्यांनी इंग्रजीत विचारलं.

"जुनाच आहे."

"तुला परत मागून घेतलं होतं त्यांनी."

"आणि तुला दोन देश बघायला मिळाले," साठे म्हणाले. "मी एकच टेकडी दोनदा बघितली."

दोघं हसले. पण त्यानंतर पूर्ण संध्याकाळ मी खोलीच्या दारातून पाहत होते. साठे सुदानच्या रिबनीकडे चोरून बघत होते आणि बोपय्या दोनच्या आकड्याकडे.

साठे सरांनी परदेशी मेडलाचा अर्ज केला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. फ्रेम त्यांच्या दिवाणखान्यात दारासमोर आहे असं ऐकते. कोर्समधल्या बऱ्याच जणांनी पुढची कामं महादेवपुऱ्याला दिली, थोड्यांनी मला.

या सगळ्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. पाटीवर सहावा प्रश्न लिहिला, जुना बार उघडून पाहिला का. आणि नकार द्यायचा असेल तर माणसाला आधी बसवावं, हे कळलं, म्हणून काउंटरपुढे खुर्ची ठेवली. चांगली सागवानी, गादी लावलेली.

रोहिणीने परवा फोटो टाकला. तिने दुसरा सोफा घेतलाय.